खंडेनवमीची थाळी

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

पूर्वीनं जानेवारीत ही डायरी दिली होती. म्हणाली, आजी, इसमें लिखो, फिर हमें कम सुनना पड़ेगा. नातीला मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र जीभ वळत नाही. असो. आज दिवस चांगला आहे, सुरुवात करते.

पहिला संकल्प: देवाच्या ड्रममध्ये नाक खुपसायचं नाही. देवा माझा लेक, शेहेचाळीस वर्षांचा झाला. जाझ वाजवतो, पेपरात फोटो येतो. त्याचं त्याला कळतं.

दुपारी हत्यारांची पूजा मांडली. माझी शिलाई मशीन, विळी, ह्यांची दाढीची पेटी. हे गेले, पण पेटी आहे. यामिनीचा लॅपटॉप. सून नॉलेज सिटीत केमिस्ट्रीची प्रोफेसर आहे, तिच्या नोकरीपायीच आम्ही सगळे मोहालीत. पोरांना सगळं शिकवते, पोळी अजून त्रिकोणी.

मग देवाच्या खोलीत गेले. तो जवळच्या खरड गावच्या शाळेत शिकवायला गेलेला, तिथले ड्रम वेगळे. घरच्या ड्रमची उजव्या हाताची मोठी थाळी बघितली आणि शरम वाटली. तो तिला राइड म्हणतो, सारखं तिच्यावरच टिंग टिंग चालू असतं. काळीकुट्ट. वर हिरवट डाग. माझी भजी तळायची कढई बरी. फौजीच्या घरात ही अवस्था. ह्यांच्या पट्ट्याचं बक्कल मी असं घासायची की त्यात बघून कुंकू लावावं.

चिंच, मीठ, काथ्या. मग ह्यांच्या वेळचा पितळ पॉलिशचा डबा सापडला, तोही लावला. थाळीच्या पोटाशी पेनानं इंग्रजीत काहीतरी खरडलेलं होतं. त्यानं फार त्रास दिला. पण मी तासगावची. काढलंच.

सोन्यासारखी झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार.

देवा संध्याकाळी आला. बघितलं. स्टुलावर बसला. मग म्हणाला, छान केलंस आई. जेवला पण नाही. आनंदानं पोट भरतं माणसाचं.

२ ऑक्टोबर, दसरा.

थाळीचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, देवाची थाळी, आईची मेहनत. तासगावच्या जावेनं चार अंगठे पाठवले. यामिनी हळूच येऊन म्हणाली, आई, तो फोटो काढता का. का म्हणून? तर म्हणे असंच. माझं कौतुक झालेलं बघवत नाही. काढला नाही.

देवा आज थाळीला हात लावत नाहीये. रबराच्या तुकड्यावर काठ्या आपटतोय. नवी साडी पण आपण लगेच नेसत नाही, तसंच असणार.

५ ऑक्टोबर, रविवार.

लिहायला हात होत नाही.

पूर्वीला केसांना तेल लावत होते. सहज म्हणलं, तुझ्या बापाच्या थाळीला पण असंच कुणीतरी माणूस पाहिजे होतं. पोरीनं डोकं माझ्या हातातून सोडवलं. मग म्हणाली, आजी, मम्मी ने मना किया था बताने को. आणि सगळं सांगितलं.

ती थाळी परेरा सरांची. सर आधी मुंबईच्या हॉटेलात वाजवायचे. देवा तिथे इंजिनिअरिंगला होता, ते सोडून ह्या सरांचे ड्रम उचलायला लागला, तेव्हा ह्यांनी त्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. आता सर इथे जवळच पंचकुल्याला लेकीकडे असतात. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी थाळी देवाला दिली. सरांना त्यांच्या उस्तादानं दिलेली. मी काढल्या त्या दोघांच्या सह्या होत्या.

आणि तो मळ नव्हता. पूर्वी म्हणाली, वही तो साउंड था, आजी. इतक्या वर्षांचा थर बसल्यावर ती धुरासारखी वाजायची म्हणे. आता शाळेच्या घंटेसारखी वाजते.

मी म्हणलं, मग बाप मला बोलला का नाही? तर म्हणे, पापा बोले, आजी ने पूजा की है, क्या बोलूँ.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

संकल्प: आज जेवण झाल्यावर देवाची माफी मागायची. सरळ.

जेवणानंतर त्याला झोप आली होती. दमलेल्या माणसाला कशाला उठवायचं. उद्या.

६ ऑक्टोबर, सोमवार. कोजागिरी.

आज सणाचा दिवस. सणाला रडकं तोंड नको. उद्या.

मसाला दूध देवाला दोन पेले दिले. त्यानं एकच प्यायला.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

विचार केला. माफी मागून काय होतं? थाळी काळी होते का? नाही. म्हणजे खरी माफी म्हणजे थाळी परत काळी करणे. मी चमकवली, मीच काळवंडणार. आणि गुपचूप. त्याला वाटेल आपोआप झाली.

यामिनीला भाजी निवडताना सहज विचारलं, काय गं, कासं काळं कशानं पडतं? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, गंधक लागतं आई, आणि वेळ लागतो. मी म्हणलं, गंधक कशात असतं? म्हणाली, अंड्यात. आणि मग म्हणाली, पण आई, सगळंच परत करता येत नाही. प्रोफेसर लोकांना पुढचं लेक्चर दिल्याशिवाय राहवत नाही.

अंडी आणायची.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

घरात कुणी नाही. अंडी उकडून कुस्करली, थाळीवर पसरली, वरून मोठ्या पिशवीत गच्च बांधली. देवाच्या पलंगाखाली ठेवणार होते, पण वास. गॅलरीत ठेवली.

आमच्या समोर राहतात त्या गिल भाभीजी आल्या. म्हणाल्या, आंटीजी, गैस लीक हो रही है. मी म्हणलं, तुमच्याकडूनच येतोय, मला सकाळपासून वाटतंय. त्या बिचाऱ्या घरी जाऊन सिलिंडर तपासत बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तेवढाच व्यायाम.

देवा यायच्या आत थाळी धुऊन जागेवर.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

काळी पडली. पण मधे मधे. गजकर्ण झाल्यासारखी. लांबून बघितलं तर चालतं. डोळे मिटून तर फारच छान.

देवानं विचारलं, आई, खोलीत अंड्याचा वास कशाचा? मी म्हणलं, खालच्या मजल्यावर पेइंग गेस्ट पोरं राहतात ना, त्यांचा. तो हसला नाही. खिडकी उघडली फक्त.

त्याला काहीही कळलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

उकळलेला चहा लावला. दही लावलं. दह्यानं परत चमकली. कुणी सांगितलं होतं दही लावायला. मीच.

आता अर्धी काळी, अर्धी सोनेरी, काठाला गुलाबी. वाजवून बघितली, चमच्यानं. मला तर छान वाटली.

फराळ सुरू केला. ह्या वेळी देवाच्या आवडीचे अनारसे. एकेक अनारसा टाकताना म्हणत होते, हा अंड्याचा, हा चहाचा, हा दह्याचा. शेवटी मन हलकं झालं. म्हणजे फेड झालीच म्हणायची.

अनारसे तेलात विरघळले. पूर्वी चमच्यानं खाते. हलवा है क्या, म्हणते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

मोठी बातमी. परेरा सरांना ऐंशी वर्षं होतायत. पंधरा नोव्हेंबरला सेक्टर दहामध्ये त्यांच्यासाठी कार्यक्रम आहे. दिल्लीहून अनिमेष नावाचा पियानोवाला येणार, आपल्या देवाबरोबर वाजवणार. हा अनिमेष पुढच्या वर्षी युरोपात फिरणार आहे आणि त्याला ड्रमर पाहिजे. त्याला देवाच्या त्या थाळीचाच आवाज आवडला होता म्हणे.

देवानं आजवर काय काय वाजवलं. जहाजावर वाजवलं, साबणाच्या जाहिरातीत वाजवलं, इथल्या लग्नांत गेला तर लोक म्हणतात, भाईसाब, ढोल नहीं है क्या. शनिवारी रेस्टॉरंटमध्ये वाजवतो तेव्हा लोक तोंडात पनीर धरून बोलत असतात. आणि आता कुठे युरोप. शेहेचाळिसाव्या वर्षी.

मी त्याच्या ताटात करंजी वाढली आणि म्हणलं, तुझा बाप असता तर. तो म्हणाला, असू दे गं आई.

नवा उपाय सुचला. सही. पूर्वीचा काळा मार्कर आहे. परेरा सरांच्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर त्यांचं नाव छापलंय. ते बघून बघून थाळीच्या पोटाशी लिहिलं. आमच्या शाळेत बाईंनी कित्ता गिरवून घेतला होता, इंग्रजी एकच वर्ष झालं पण अक्षर मोत्यासारखं. खाली रेघ पण मारली.

उस्तादाचं नाव काय ते कुणाला विचारायचं? राहू दे. एक तर झाली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

देवानं आज थाळी उलटी करून बघितली. मी दारातून बघत होते. बराच वेळ बघितली आणि हसला. महिन्यात पहिल्यांदा.

खरी वाटली त्याला. मार्करला दृष्ट लागेल.

२ नोव्हेंबर, रविवार.

देवा आता बाजारातल्या नव्या थाळ्या आणून वाजवून बघतो आणि परत करतो. म्हणतो, नाही जमत, सरांच्या कार्यक्रमात सरांचीच वाजणार. मग त्या आपल्या तिरंगी थाळीवर बसतो. टिंग. थांबतो. काठी बदलतो. टिंग. परत थांबतो. थाळीला चिकटपट्टी लावतो. काढतो.

मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करते. ऐकवत नाही म्हणून नाही, बातम्या असतात.

संकल्प: अनिमेष यायच्या आत सांगायचं. पक्का.

९ नोव्हेंबर, रविवार.

अनिमेष सकाळीच आला. बारीक, चष्मा, कोलकात्याचा. आल्या आल्या माझ्या पाया पडला. असा पोरगा, म्हणलं, ह्याला सांगायला काय हरकत. नाश्ता झाल्यावर सांगू.

दोघं खोलीत वाजवायला बसले. मी पोह्याला फोडणी दिली. थोड्या वेळानं आवाज थांबला. दार उघडंच होतं. अनिमेषनं विचारलं, वो वाली राइड कहाँ गई? देवा म्हणाला, यही है. तो म्हणाला, ये? इसको क्या हुआ?

माझ्या हातात झारा. मनात म्हणलं, आता जा. आता आत जायचं आणि सांगायचं, मैंने किया.

तेवढ्यात देवा म्हणाला, मैंने साफ़ कर दी थी यार. ग़लती हो गई.

अनिमेष काहीच बोलला नाही. बोलला असता तर मी मधे पडले असते. तो गप्प बसला म्हणून मला संधी मिळाली नाही.

पोहे घेऊन गेले. देवाच्या डिशमध्ये खोबरं जास्त घातलं. अनिमेषनं विचारलं, आंटी, आप कुछ कह रही थीं? मी म्हणलं, लिंबू चाहिए क्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

यामिनीनं सांगितलं. देवा मला सांगणार नाही म्हणून मीच सांगते, म्हणाली. अनिमेषनं युरोपसाठी दुसरा ड्रमर घेतला. फोनवर चांगलं बोलला, पण म्हणाला, दादा, जो माणूस गुरूची थाळी घासून काढतो, त्याच्या कानाचं मी काय समजू?

मी म्हणलं, पण त्यानं कुठे घासली? यामिनी म्हणाली, हो ना. आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी कुकर लावला. शिट्टी झाली तरी ती उभीच. मग म्हणाली, आई, मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. आज पण बोलत नाही.

आणि बोलली नाही.

मी तिच्या पोळीला त्रिकोणी म्हणते ते आता बंद.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

ठरलं. कार्यक्रमात सगळ्यांसमोर बोलायचं. माईक घेऊन. हिंदीत भाषण तयार केलं. देवियो और सज्जनो, मेरा बेटा निर्दोष है. थाली मैंने घिसी है. मग अनिमेष उठेल, देवाला मिठी मारेल, दुसऱ्या ड्रमरला सांगेल, बाबा, तू घरी जा. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. माझ्यासाठी पण थोड्या.

निळी पैठणी काढली. गिल भाभीजींना भाषण म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, आंटीजी, शोक सभा है क्या?

त्यांना कार्यक्रमाला घेऊन जायचं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.

काल कार्यक्रम झाला.

माईक लांब होता. आणि स्टेजला पायऱ्या. आणि समोर एवढी माणसं, सगळी इंग्रजी बोलणारी. म्हणलं, भाषण मध्यंतरात.

देवा वाजवायला बसला. ती तिरंगी थाळी, वर लाइट पडला की डोळ्यांत जाते. मला वाटलं होतं फार खराब वाजेल. तो तिला अगदी हळू हात लावत होता, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा. तरी एकदा जोरात वाजली, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसानं कानातलं यंत्र काढून बघितलं. बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी देवाचं तोंड बघत होते. असं तोंड त्याचं दहावीच्या गणिताला झालं होतं.

मध्यंतरात अनिमेषला गाठलं. हातात चिवड्याचा डबा, म्हणजे रिकाम्या हातानं नको. भाषण सगळं विसरले. म्हणलं, थाली मैंने घिसी. त्योहार था. उसने झूठ बोला, मेरे लिए.

त्यानं चष्मा काढला. म्हणाला, आंटी, उसने बताया क्यों नहीं? मी म्हणलं, बाप पे गया है. तो म्हणाला, टिकटें हो गईं आंटी. मग परत म्हणाला, टिकटें हो गईं. मी म्हणलं, दुसरा पोरगा चांगला वाजवतो का? म्हणाला, हाँ. अच्छा है. ह्यावर काय बोलणार. डबा दिला. चिवडा घेतला त्यानं, पण खाल्ला नाही.

आणि गेल्या रविवारी सांगितलं असतं तर? पोहे गार झाले असते, एवढंच.

केक कापून झाल्यावर परेरा सरांना लोकांनी धरून ड्रमपाशी आणलं. सर वांद्र्याचे, मराठी बोलतात, मोडकं. त्यांनी थाळी उलटी करायला लावली. सही वाचली. मग नाकाशी नेली. वास घेतला. देवा मान खाली घालून उभा.

मीच पुढे झाले. म्हणलं, सर, ते मी. सर म्हणाले, बाई, माझी सही एवढी चांगली कधी होती? चेकवर अशी केली तर बँक पोलिसला बोलावेल. सगळे हसले. मी पण. मग त्यांनी सहीच्या खाली बोट फिरवलं, जिथे काहीच नाही तिथे. थरथरणारं बोट. म्हणाले, इथं माझ्या उस्तादचा नाव होता. फोटो पण नाय त्यांचा माझ्याकडे. हेच होतं.

हे बोलताना ते हसत नव्हते.

मला म्हणायचं होतं, नाव सांगा, मी लिहिते. चांगलं अक्षर आहे माझं. पण म्हणलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं आणि ते नेमकं त्यांना दिसलं. माझा हात धरला. म्हणाले, बाई, रडू नको. ह्याला रोज वाजवायला सांग, आणि कोण हात नाय लावला, तर होईल परत काळी. मी विचारलं, किती दिवसांत? ते म्हणाले, तीस वर्षं.

गाडीत देवा म्हणाला, आई, पुढच्या खंडेनवमीला नुसतं फूल हां. मी हो म्हणलं. पूर्वी म्हणाली, आजी, और अंडा नहीं. म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या अंड्यापासून.

मी देवाला म्हणलं, देवा, मला माफ कर. एवढंच तर वाक्य होतं. त्यानं गिअर बदलला आणि म्हणाला, हो गं. पण खिडकीकडे बघून.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

हिशोब केला. मी आता एकाहत्तर. तीस वर्षं म्हणजे एकशे एक. आमच्या आत्याबाई शहाण्णव जगल्या, त्याही तंबाखू लावून. मी तंबाखू लावत नाही. म्हणजे होण्यासारखं आहे. थाळी काळी झालेली माझ्या डोळ्यांनी बघायची आणि मगच जायचं. तोपर्यंत देवाच्या खोलीच्या दाराशी मी बसणार. कुणाला फडकं घेऊन आत जाऊ देणार नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे पार्कात तीन फेऱ्या. चहात साखर बंद. भजी बंद. गुडघ्याला तेल. गिल भाभीजींना पण बरोबर नेणार, सिलिंडरची भरपाई म्हणून. पूर्वीनं मोबाइलवर गजर लावून दिला. बूट पलंगाशी काढून ठेवलेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.

गजर वाजला. बाहेर धुकं, समोरची बिल्डिंग पण दिसत नव्हती. अशात पडले, हाड मोडलं, तर तीस वर्षांचं काय? परत पांघरूण घेतलं.

आतल्या खोलीतून आवाज आला. टिंग. टिंग. देवा माझ्या आधी उठून बसला होता.

त्यानं सुरुवात केली. मी उद्यापासून.

चहात साखर घातली, एकच चमचा. मग अजून एक.